वहिनींचा दोन वर्षांचा प्लॅन

वहिनींचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर लॅपटॉपवर विजेच्या प्लॅनचीच यादी उघडी होती. ही एवढीशी गोष्ट मी दीड वर्ष कोणाला सांगितली नाही. नवऱ्याला तर नाहीच नाही.

वहिनी म्हणजे माझी मोठी जाऊ. त्या आणि दादा इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतात, आम्ही ब्रॅकनेलला. दोघे भाऊ मूळचे नाशिकचे. दादा आमच्या नऊ वर्षं आधी इकडे आले, एका कपड्यांच्या गोदामात सुपरवायझर झाले. वहिनी बेलग्रेव्ह रोडजवळच्या एका केमिस्टच्या दुकानात काउंटरवर असतात. आम्ही आलो ते माझ्या नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीच्या व्हिसावर. पुढे मलाही इथे सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम मिळालं. दुसऱ्याने केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्याला लेखी कळवायच्या. हे मला पहिल्यापासून जमतं.

मला वहिनींचा हेवा वाटायचा. आम्ही पहिल्यांदा हीथ्रोला उतरलो त्या दिवशी त्या डब्यात थालीपीठं आणि माझ्यासाठी एक कोट घेऊन आल्या होत्या. मला त्यांनी तोवर फक्त लग्नाच्या फोटोत पाहिलेलं. कोट अंदाजाने घेतलेला, आणि तो मला इतका बरोबर बसला की मी थँक्यू म्हणाले आणि मनात चिडले. खांद्यात जरा घट्ट झाला असता, बाही लांब झाली असती, तर मला त्या आवडल्या असत्या.

मग हे वाढतच गेलं. त्यांनी घर घेतलं आणि वर्षभरात त्या भागातल्या किमती चढल्या. ड्रायव्हिंग टेस्ट त्या पहिल्या फटक्यात पास झाल्या, मी तिसऱ्या. त्यांची मुलगी फोनवर आजीशी अस्खलित मराठीत बोलते, माझी लेक 'माझा बाटली कुठे आहे' असं विचारते. आणि प्रत्येक वेळी सासूबाई नाशिकहून म्हणायच्या, "मोठीला बरोबर कळतं." वहिनी बी.ए. झालेल्या, मी कॉम्प्युटर इंजिनिअर. हे वाक्य माझ्या डोक्यात किती वेळा यायचं ते सांगायला आज लाज वाटते.

एकच क्षेत्र माझं होतं, ते म्हणजे घराची बिलं. आपल्याकडे विजेची कंपनी निवडायचा प्रश्न येत नाही, बिल आलं की भरायचं. इथे कंपनी आपण निवडायची, प्लॅनही आपण निवडायचा. एक तर वर्ष-दोन वर्षांसाठी दर पक्का करून टाकायचा, म्हणजे बाजारात काही होवो, आपला दर तोच. नाही तर बदलत्या दरावर राहायचं आणि तो खाली येईल अशी आशा करायची. सगळी मेख कधी पक्का करायचा यात असते. आठवडाभर उशीर झाला तरी फरक पडतो, घाई केली तरी पडतो. मी दर शुक्रवारी संध्याकाळी दर बघून एका एक्सेल शीटमध्ये भरायचे. आमच्या इमारतीत गॅसची लाइनच नाही. हीटर, पाणी, स्वयंपाक, सगळं विजेवर. त्यामुळे हे काम महत्त्वाचं होतं, आणि ते मी चांगलं करायचे. सलग तीन वर्षं मी दर अगदी तळाशी असताना पकडला होता. फोनवर हे वहिनींना सांगितलं की त्या म्हणायच्या, "बाई गं, तुझं डोकं म्हणजे." ते ऐकायला मला फार आवडायचं.

तर तो कोविडनंतरचा पहिला मोकळा उन्हाळा होता. आमचा जुना प्लॅन संपून महिना झाला होता आणि आम्ही बदलत्या दरावर होतो. दर हळूहळू चढत होते. त्या शुक्रवारी मी ठरवलं होतं की आता पुरे, आज दोन वर्षांचा प्लॅन घेऊन टाकायचा. यादी उघडली, एक निवडला, पत्ता भरला. आणि फोन वाजला.

"अगं, बिझी आहेस का?" वहिनी म्हणाल्या. "एक सांगायचं होतं. आमचा विजेचा प्लॅन संपत होता, मी काल दोन वर्षांचा करून टाकला. वीज, गॅस दोन्ही."

"दोन वर्षं?" मी म्हणाले. जसं काही मी स्वतः ते करत नव्हते.

"हो. ह्यांच्या कामावरचा एक जण म्हणत होता, दर खूप वाढणारेत. तूही करून टाक बाई. तुमचं तर सगळंच विजेवर."

"बघते वहिनी. माझ्या शीटप्रमाणे सप्टेंबरमध्ये खाली येतील असं वाटतंय."

माझी शीट असं काहीही म्हणत नव्हती.

"असं होय," त्या म्हणाल्या. "मग तू बघ. तुला जास्त कळतं."

फोन ठेवल्यावर मी स्क्रीनकडे बघत बसले. एक बटण दाबायचं राहिलं होतं. पण आता ते दाबलं असतं तर सासूबाईंच्या पुढच्या फोनमध्ये काय आलं असतं ते मला स्पष्ट ऐकू येत होतं: मोठीनं सांगितलं म्हणून धाकटीनंही केलं, बरं झालं. मी लॅपटॉप बंद केला आणि भात लावायला गेले.

सप्टेंबरमध्ये दर खाली आले नाहीत. ते कसे वर गेले ते इथे राहणाऱ्या सगळ्यांना आठवत असेल. गॅस महागला, त्यामागून वीज महागली, आणि छोट्या छोट्या वीज कंपन्या एकामागून एक बंद पडल्या. आमचीही पडली. एक दिवस ईमेल आला की तुम्हाला दुसऱ्या कंपनीकडे दिलं आहे, वीज चालू राहील, काळजी नसावी. त्या शुक्रवारी मी यादी उघडली तर यादीच नव्हती. सध्या एकही प्लॅन उपलब्ध नाही, असं एक वाक्य आणि खाली पांढरी जागा.

नवरा सहसा या गोष्टीत लक्ष घालत नाही. पण हिवाळा संपताना बिल बघून तो म्हणाला, "दादाचं बरं आहे. त्यांचा दर अजून जुनाच आहे म्हणे. वहिनींनी उन्हाळ्यातच पक्का केला."

"हो का?" मी म्हणाले.

"आपल्याला सांगायचं तरी. एक फोन करायला काय झालं होतं?"

इथे मला बोलता आलं असतं. मी म्हणाले, "त्यांच्या लक्षात आलं नसेल. प्रत्येकजण आपापलं बघतो."

वाक्य अगदी सहज गेलं. त्या वर्षीच्या दिवाळीत लेस्टरला गेलो तेव्हा तो वहिनींशी जेवढ्यास तेवढं बोलला. एरवी तो त्यांच्या मागे मागे स्वयंपाकघरात जाऊन कढईतला चिवडा खाणारा माणूस. वहिनींनी दोनदा विचारलं, "भाऊजी, बरं नाही का?" मी शेजारी करंज्या ताटात मांडत होते. मी मांडत राहिले. आणि खरं सांगायचं तर त्या गोंधळलेल्या दिसत होत्या याचं मला थोडं बरं वाटलं.

त्याच हिवाळ्यात सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या. आधी लेस्टर, मग आमच्याकडे, असं ठरलं होतं. व्हिडिओ कॉलवर त्या वहिनींच्या हॉलमध्ये सुती साडीत, अनवाणी बसलेल्या दिसायच्या. मागे खिडकीबाहेर बर्फ. मी इकडे स्वेटरवर स्वेटर घालून फोन धरलेला, म्हणून मी कॅमेरा फक्त चेहऱ्यापुरता ठेवायचे.

जानेवारीत त्या ब्रॅकनेलला आल्या. त्यांच्या खोलीतला हीटर मी दिवसभर चालू ठेवणार होते, तसं मी नवऱ्याला बजावलंही होतं. बाकीच्या खोल्यांत काटकसर करू, आईंच्या खोलीत नाही. पण स्वयंपाकघरात मीटरचा छोटा स्क्रीन आहे. वीज कमी वापरली की तो हिरवा असतो, जास्त वापरली की लाल होतो. माझी लेक तेव्हा सात वर्षांची. तिला तो खेळ वाटायचा.

"आजी, बघ, लाल झाला! काहीतरी बंद कर!"

"लाल झाला म्हणजे काय गं?"

"म्हणजे आई अपसेट होते," ती म्हणाली.

दुसऱ्या आठवड्यात एक दिवस मी ऑफिसमधून लवकर आले. आईंच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत हीटर बंद. त्या पलंगावर कोट घालून, त्यावर शाल घेऊन, पाय गोधडीत गुंडाळून बसल्या होत्या आणि फोनवर वहिनींशी बोलत होत्या.

"नाही गं, गार कुठलं? छान ऊब आहे. धाकटी हीटर बंदच करू देत नाही."

मी दारातूनच मागे फिरले. त्यांनी माझी तक्रार केली असती तर मी भांडू शकले असते, निदान मनात. पण त्या मला सांभाळून घेत होत्या, तेही वहिनींपासून. म्हणजे या घरात सांभाळून घेण्यासारखं काहीतरी आहे हे त्यांना कळलं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला, कप जोरात ठेवला, म्हणजे मी आल्याचं त्यांना कळावं. थोड्या वेळाने आतून हीटरचं बटण दाबल्याचा आवाज आला.

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी वहिनींकडे हळदीकुंकू होतं. आम्ही चौघं गाडीने निघालो. आई पुढे बसलेल्या, मी आणि लेक मागे. एम-वन हायवेला लागलो तसा नवरा म्हणाला, "आई, आज उबेत बसून घे. वहिनींनी वेळेवर सगळं करून ठेवलंय. आम्हाला एक फोन केला असता, तर तुला आमच्याकडे असं गारठावं लागलं नसतं."

"अरे, केला होता की," आई म्हणाल्या. "तिनं मला तेव्हाच सांगितलं होतं. आमचं झालं, धाकटीलाही फोन करून सांगितलं म्हणाली. ती सप्टेंबरपर्यंत थांबणार आहे, तिचा अभ्यास आहे त्यातला."

लेक म्हणाली, "आजी, तुझा शाल खाली पडला." आईंनी शाल उचलली. त्यांना काय झालं ते कळलेलं नव्हतं. नवऱ्याने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडे बघायला लागला.

हायवेवरच्या पुढच्या थांब्याला, सर्व्हिस स्टेशनला, त्याने गाडी आत घेतली. आई नातीला घेऊन टॉयलेटकडे गेल्या. आम्ही गाडीबाहेर उभे होतो, वारा असा की डोळ्यांतून पाणी येत होतं.

"वहिनींनी फोन केला होता?"

"हो."

"मग तू मला असं का सांगितलंस? मी दिवाळीत त्यांच्याशी धड बोललो नाही."

"माहितेय मला."

"आणि घेतला का नाहीस? तुला तर त्यातलं सगळं कळतं."

"घेतच होते. पत्तासुद्धा भरला होता."

"मग?"

"त्यांनी सांगितलं म्हणून नाही घेतला."

त्याला वाटलं, मी अजून काही सांगेन. पण कारण तेवढंच होतं. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला, चिडून नव्हे, तर ओळखीच्या माणसाच्या चेहऱ्यात कोणीतरी वेगळंच दिसावं तसा. मग म्हणाला, "आई आली. चल."

लेस्टरला पोचलो तेव्हा हॉल बायकांनी भरलेला होता. सगळ्यांचे कोट जिन्यावर रचलेले, काही जणी बिनबाह्यांच्या ब्लाउजमध्ये आरामात बसलेल्या. नवरा सरळ स्वयंपाकघरात गेला, बाह्या वर केल्या आणि सिंकमधले कप धुवायला लागला. ट्रे आला की कप धुवायचा, पुसायचा, पुन्हा मांडायचा. दादा म्हणाले, "अरे, डिशवॉशर आहे," तरी तो थांबला नाही. वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आज भाऊजींना झालंय काय?"

"काही नाही," मी म्हणाले. "मदत करतायत."

त्या दिवशी त्यांची मैत्रीण, नागपूरची एक बाई, सगळ्यांसमोर म्हणाली, "तुमच्याकडे कसं छान वाटतं हो. आम्ही तर एकाच खोलीत राहतोय. तुम्हाला कसं कळलं दर वाढणार ते?" सगळ्या वहिनींकडे बघायला लागल्या. आता त्या माझ्याकडे बघतील, आणि हिलाही मी सांगितलं होतं असं म्हणतील, याची मी वाट बघत होते. खरं तर मला ते हवंच होतं. त्यांनी ते म्हटलं असतं म्हणजे मला त्यांचा राग करायला एक चांगलं कारण मिळालं असतं.

"मला कुठलं कळतंय," त्या म्हणाल्या आणि तिळगुळाची वाटी पुढे केली.

बायका गेल्यावर आम्ही दोघी स्वयंपाकघरात उरलेली मटकीची उसळ डब्यात भरत होतो. मला राहवलं नाही.

"वहिनी, खरंच, तुम्हाला कसं कळलं?"

"काय?"

"विजेचं. दोन वर्षांचं."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. मग हसल्या, जरा ओशाळून.

"सांगू? हसू नकोस. आमचा प्लॅन नेमका त्या आठवड्यात संपत होता. आणि मला दर वर्षी तो फॉर्म भरायचा असा कंटाळा येतो ना! मीटरचे आकडे घाला, पासवर्ड आठवा. एका वर्षाचा आणि दोन वर्षांचा दर जवळजवळ सारखाच होता. म्हटलं, दोन वर्षांचा घ्या, तेवढी एका वर्षाची कटकट वाचली."

"पण दादांच्या कामावरचा कोणीतरी—"

"तो मी बनवला," वहिनी म्हणाल्या. "तुला फोन करायच्या आधी अर्धा तास मी विचार करत होते, सांगू की नको. तू इंजिनिअर, तुझ्याकडे तक्ते असतात. तुला काय सांगणार, मला कंटाळा आला म्हणून दोन वर्षांचा घेतला? मला भीती वाटते गं तुझी, असं काही बोलायला."

मी गॅसच्या ओट्यावर सांडलेले दाणे एक एक करून उचलत होते. माझी भीती! इतकी वर्षं मी त्यांच्याकडे बघून जळत होते आणि त्या तिकडे फोन हातात घेऊन अर्धा तास घुटमळत होत्या.

इथे मला मोठ्या मनाने लिहायला आवडलं असतं की माझ्यातलं ते सगळं त्या क्षणी गळून पडलं. तसं झालं नाही. उलट गाडीत परत येताना मी आणखीनच जळत होते. त्यांची हुशारी असती तर मी एक दिवस तिला गाठलं असतं, आणखी अभ्यास केला असता. पण ज्या बाईला आळसाचंही बक्षीस मिळतं तिच्याशी बरोबरी कशी करायची? आमचा प्लॅन महिनाभर आधी न संपता त्याच आठवड्यात संपला असता, तर मीही कदाचित न थांबता पुढे गेले असते, असंही मनात आलं. पण ते खरं नव्हतं. मला पुढे जायची पूर्ण संधी मिळाली होती.

आईंना डुलकी लागल्यावर नवऱ्याला मी एवढंच सांगितलं की तो कामावरचा माणूस कधी नव्हताच. तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही दोघीही खोटं बोललात." मग काही वेळाने, "त्यांचं खोटं बरं होतं." घरी पोचेपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. दुसऱ्या दिवशी मी वहिनींना फोन केला आणि दिवाळीतलं सगळं सांगितलं: मी नवऱ्याला काय म्हणाले होते, तो का गप्प होता.

"मला वाटलं, हेच काही बोलले असतील त्यांना," त्या म्हणाल्या. "मी ह्यांच्याशीच भांडले होते त्यावरून."

"सॉरी, वहिनी."

"हं," त्या म्हणाल्या. ठीक आहे असं म्हणाल्या नाहीत. पुढचे दोन-तीन महिने आमचे फोन आईंच्या औषधांपुरतेच झाले. ते मला लागलं, पण त्यांचं बरोबरच होतं.

आणखी एक कबुली द्यायची आहे. त्यांचा दोन वर्षांचा प्लॅन कोणत्या दिवशी संपतो ते मी हिशेब करून माझ्या फोनच्या कॅलेंडरमध्ये घालून ठेवलं होतं. नुसती तारीख, बाकी काही लिहिलं नव्हतं. ही माफी मागितल्यानंतरची गोष्ट आहे. तो दिवस आला की त्यांनाही कळेल, मोठं बिल बघून हीटर बंद करत फिरणं म्हणजे काय ते. मला त्यांचं वाईट व्हायला नको होतं, फक्त आमच्याएवढं व्हायला हवं होतं.

तो दिवस उन्हाळ्यात आला. तोपर्यंत दर शिखरावरून बरेच खाली आले होते. वहिनींनी आईंना सांगितलं, आईंनी मला सांगितलं: "थोडं वाढलंय म्हणाली मोठी, पण फार नाही." म्हणजे सगळं वादळ त्यांनी त्या दोन वर्षांच्या आत बसून काढलं आणि ऊन पडल्यावर बाहेर आल्या. मी फोन ठेवला आणि बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घातलं. आदल्याच दिवशी घातलेलं होतं, तरी घातलं.

आता या वर्षीचं सांगते. आमचा चालू प्लॅन संपायला सात आठवडे उरले की दंड न भरता नवीन घेता येतो, आणि त्या सात आठवड्यांत कधी घ्यायचा हा माझा दर वर्षीचा डोक्याला ताप. या वेळी वहिनींचाही त्याच सुमारास संपत होता. रविवारी सकाळी मी लेकीला स्विमिंगला घेऊन गेले होते. गॅलरीत क्लोरीनचा वास, काचेवर वाफ, खाली मुलांचा आरडाओरडा. मी फोनवर दर बघत होते. दोन आठवडे ते जवळपास एकाच जागी होते, मग त्या सकाळी जरा उतरलेले दिसले. आणखी थांबावं का? मी वहिनींना फोन लावला.

"वहिनी, दर आज थोडे उतरलेत. मला वाटतं आज घ्यावा. तुम्हाला काय वाटतं?"

"मला विचारतेस?"

"हो."

"तुझा तक्ता काय म्हणतो?"

"तक्ता म्हणतो, सांगता येत नाही."

त्या हसल्या. "मग घेऊ या. मलाही आजच फॉर्म भरायचा मूड आहे, उद्या नसेल. थांब, चष्मा आणते."

आम्ही एकच कंपनी निवडली, एकच प्लॅन, एका वर्षाचा. त्यांनी त्यांचा पोस्टकोड घातला, मी माझा. मी माझा युनिटचा दर वाचून दाखवला.

"अगंबाई," वहिनी म्हणाल्या. "मला तर कमी दाखवतोय."

मला माहीत होतं. भागाप्रमाणे दर बदलतात. तोच प्लॅन, तोच दिवस, तीच कंपनी, आणि तरी लेस्टरला वीज आमच्यापेक्षा जराशी स्वस्त. मी ते त्यांना समजावून सांगितलं. माझा आवाज नीट होता असं मला वाटतं.

"असं असतं होय," त्या म्हणाल्या. आनंद लपवायचा त्या मनापासून प्रयत्न करत होत्या आणि तो त्यांना जमत नव्हता. "पण तो रोजचा आकार असतो ना, वीज वापरा नाही तर नका वापरू, तो? तुझा कमी असेल."

मी खाली बघितलं. "हो, माझा थोडा कमी आहे."

"किती?"

प्रश्न पटकन आला, माझं वाक्य पुरतं संपायच्या आत. तो आवाज मला नवीन नव्हता. इतकी वर्षं मी तो माझ्या आतच ऐकत आले होते. मी आकडा सांगितला. त्या बहुतेक मनात वजाबाकी करत होत्या.

"एवढा?" त्या म्हणाल्या. "असं कसं काय? आम्ही तर दिवसभर घरातसुद्धा नसतो."

"भाग वेगळा, वहिनी."

"ते झालंच गं, पण तरी."

त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, पण ओठ कसे घट्ट मिटले असतील ते मला नेमकं माहीत होतं. मला एकदम त्यांचा लळा लागल्यासारखं झालं. आम्ही दोघींनी कन्फर्म केलं, ईमेल आले का ते एकमेकींना विचारलं, आणि फोन ठेवायच्या आधी मी त्यांना आणि दादांना पुढच्या शनिवारी जेवायला बोलावलं. वहिनी म्हणाल्या, "येतो. पण भाजी मी आणते. तुझ्या तिकडे मेथी काही चांगली मिळत नाही."